काठोकाठ भरलेली वाटी

बुरुलचा आमच्या शाळेत झाडलोट करायची आणि थंडीत शेगड्या पेटवायची. घरी तिच्याहून धाकटी सून आलीच नाही, त्यामुळे पन्नाशी गाठली तरी चहा ओतायचं काम तिच्याकडेच राहिलं. आमच्याकडे चहा वाटीत अर्ध्याहून कमीच ओततात. पाहुण्याने पुन्हा पुढे करावी, सुनेने पुन्हा ओतावं, यातच दोघांचा मान. बुरुलचाने स्वतःचा चहा गरम असताना प्यायलेला मी तरी पाहिला नाही.

मी निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात इस्सिक-कुल सरोवराकाठच्या शिक्षकांच्या विश्रामगृहात मला दोघींची जागा मिळाली. मी बुरुलचाला न्यायचं ठरवलं.

"हिला पोहता येत नाही. ही तिथे करणार काय?" तिचा नवरा म्हणाला.

सायकाल आजी, म्हणजे तिची सासू, त्याच्यावर खेकसली, "तुला इथे बसून काय करता येतं ते आधी सांग! जाऊ दे तिला."

पोहोचल्या पोहोचल्या बुरुलचाने आमची खोली झाडली. मग व्हरांडा. मग शेजारच्यांची पायरी.

"ठेव तो झाडू," मी म्हटलं.

"एजे," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत ती म्हणाली, "हात रिकामे असले की काहीतरी चोरल्यासारखं वाटतं."

संध्याकाळी जेवणघरात वाढणाऱ्या लीदाने तिला जर्दाळूचा मुरंबा वाढला, तिची चहाची वाटी काठोकाठ भरली आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली. बुरुलचाचा चेहरा उतरला. वाटी भरली म्हणजे 'पी आणि चालू लाग', हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चहाला तोंड न लावता ती खोलीत गेली. मी मागून गेले तेव्हा ती पिशवी भरत होती.

"पहाटेच्या बसने जाते मी. त्यांनी ओळखलं, मी काही मास्तरीण नाही."

माझं ऐकेना, म्हणून मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. सगळं ऐकून लीदाने कपाळाला हात लावला.

"अगं बाई! एवढी माणसं आणि मी एकटी. वाटी भरून दिली की कुणाला सारखं उठायला नको. हाकलायचंच असतं तर जर्दाळूचा मुरंबा कशाला वाढला असता तुला?"

"म्हणजे मी उठायचंच नाही?"

"कुणासाठी उठणार तू इथे?"

लीदाने तिला खिडकीशी बसवलं, पुन्हा वाटी भरली आणि किटली आमच्या दोघींमध्ये ठेवून दिली. बुरुलचा सरोवराकडे बघत सावकाश प्यायली. वाफ तिच्या नाकाला लागत होती.

माझी वाटी रिकामी झाली. सवयीने मी ती तिच्यापुढे सरकवली. तिचा हात किटलीकडे गेला, तिथेच थोडा थांबला आणि परत मांडीवर आला.

"एजे," ती नजर न वळवता म्हणाली, "किटली तुमच्याही हाताशी आहे की."

मी मुकाट्याने ओतून घेतला.