कप्तानाने न खेळलेली फायनल

गोंदियात अजूनही दोन-चार म्हातारे आहेत जे म्हणतात की दुधराम रहांगडाले चौतीस सालची फायनल घाबरून सोडून पळाला. मी त्यांच्या तोंडी लागत नाही. पण एकदा काय ते लिहून टाकावं म्हणतो, कारण त्या फायनलला गोलात मी उभा होतो आणि त्या प्रकरणात थोडं पाप माझंही आहे.

दुधराम मूळचा कामठ्याचा. गोंदियाच्या एका भातगिरणीत तो पोती मोजून घ्यायचा, मी त्याच गिरणीत तराजूवर. त्याने गिरणीतली अकरा माणसं जमवून हॉकीचा संघ उभा केला होता आणि बारा वर्षं तोच कप्तान होता. उंच, हडकुळा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहाटे साडेपाचला मैदानावर त्याची शिट्टी वाजायची. शिट्टीनंतर आलेल्याला मैदानाचे चार फेरे आणि त्या दिवशी स्टिकला हात लावायचा नाही. एकदा त्याला स्वतःला उशीर झाला, सासरा वारला होता म्हणून. त्याने कोणाला न सांगता चार फेरे मारले आणि पाटावर बसावं तसा रेषेबाहेर बसून राहिला. आता अशा माणसाला काय म्हणणार? आम्ही त्याला घाबरायचो, शिव्या द्यायचो आणि रोज जायचो.

दुधराम विचारायचा कधीच नाही. ‘तू डावीकडे खेळशील का’ असं त्याच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. ‘तू डावीकडे’ एवढंच. आणि त्याचं ठरलेलं वाक्य होतं, ‘‘कप्तानानं म्हतलं का उलटून बोलायचं नाई.’’

एवढी शिस्त करून आम्ही तीन वर्षं लागोपाठ गोंदियाच्या शील्डची फायनल हरलो. समोर दरवेळी रेल्वे वसाहतीतला संघ. त्यांच्या पायात बूट, आमच्यातल्या निम्म्यांचे पाय उघडे. पण हरण्याचं कारण ते नव्हतं. आमच्याकडे गोल करणारा माणूस नव्हता. दुधराम सेंटर हाफला भिंत होऊन उभा राहायचा, चेंडू अडवायचा, पुढे द्यायचा आणि पुढे तो वाया जायचा. त्या वर्षी तो एकोणचाळीसचा झाला होता. गुडघा सुजायचा. हे शेवटचं वर्ष, त्याने मला एकट्याला सांगितलं होतं. शील्ड एकदा हातात घ्यायची आणि स्टिक ठेवून द्यायची.

अशात आम्हाला पुनाराम दिसला.

पुनाराम सलामे अर्जुनीकडच्या जंगलपट्टीतला गोंड. बावीस-तेवीसचा, हिवाळ्यात लाकूड डेपोत ओंडके चढवायला आलेला. जंगलातून वाकडं मूळ शोधून त्याने स्वतःची स्टिक घासून केली होती. डेपोमागे दगडाला चेंडू समजून खेळायचा. छोटेलालने, म्हणजे आमच्या उपकप्तानाने, त्याला एक दिवस मैदानावर आणलं. त्याने चेंडू घेतला आणि आमच्या पाच जणांना चुकवून माझ्यापर्यंत आला. मी कुठे उडी मारावी याचा विचार करत होतो तोवर चेंडू मागे होता. मला राग आला नाही, हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चौथ्या दिवशी आला, शिट्टीनंतर तासाभराने, आणि चार फेरे मारायला सांगितल्यावर मारलेही, हसत, जणू काही खेळच. मग पुन्हा आठ दिवस गायब. कुठल्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला गेला होता, तिथे रात्ररात्र दंडारीचा नाचगाण्याचा खेळ पाहत बसला. तिरोड्याला मित्रत्वाचा सामना होता. त्यात त्याने तीन गोल केले आणि दहा मिनिटं उरली असताना मैदान सोडून चालता झाला. रस्त्याने त्याच्या गावची बैलबंडी चालली होती. हा जाऊन बंडीत बसला, आम्हाला हात केला आणि गेला!

शील्डसाठी बारा नावांची यादी द्यायची होती. एकदा दिली की बदल नाही. बारा नावं ठरलेली होती. पुनारामला घ्यायचं तर एक काढावं लागणार होतं आणि ते कोणतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिसराम. सहा वर्षांत एक दिवस उशीर नाही आणि सहा वर्षांत एक गोल नाही.

छोटेलाल म्हणाला, ‘‘भैया, मैंने लाया उसको, मैं ही बोलता हूँ. खेल नंबर एक है, आदमी भरोसे का नहीं.’’

मी म्हणालो घ्या. मला चौथ्यांदा हरायचं नव्हतं, सरळ सांगतो.

तीन दिवस दुधरामचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पोती मोजताना चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. दुपारी उठून डेपोपर्यंत जायचा, पुनारामला लांबून बघायचा आणि न बोलता परत यायचा. शिसपेन्सिलने यादीत नाव लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. कागदाला भोक पडलं. मला म्हणाला, ‘‘बिसरामले काढलं तं मी बारा वर्षं काय शिकवलं? आन नाई काढलं तं बारा वर्षं कायले खेळलो?’’

शेवटी त्याने शाईने पुनारामचं नाव लिहिलं. बिसरामला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. बिसराम ‘‘बरं’’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा साडेपाचला मैदानावर हजर, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. यादीवर पुनारामचा अंगठा उठवून घेताना दुधराम म्हणाला, ‘‘तुयासाठी एक चांगला मानूस काढला मी. आता सामन्याले तू पायजेच.’’ पुनाराम म्हणाला, ‘‘येतो जी.’’

पहिल्या दोन सामन्यांना आला. पाच गोल. आम्ही फायनलमध्ये. फायनल मार्चच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारला.

बुधवारी पुनाराम डेपोतून नाहीसा झाला. डेपोचा चौकीदार म्हणाला, मोह पडू लागला, ती सगळीच माणसं गावाकडे गेली. जंगलपट्टीत मोहाची फुलं पंधरा-वीस दिवस पडतात. झाडं घराघराची वाटलेली असतात. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत वेचायची, नाहीतर गुरं खातात. वर्षभराचा आधार असतो तो. एवढं आम्हालाही माहीत होतं, पण हॉकीच्या यादीत हे कोणी धरलं नव्हतं.

दुधरामने शनिवारची रजा टाकली आणि छोट्या लाईनच्या गाडीने अर्जुनी गाठलं. तिथून दोन कोस चालत पुनारामच्या गावी पोचेपर्यंत रात्र झाली. पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं.

रविवारी उजाडताना तो पुनाराम आणि त्याची आई मंगली यांच्याबरोबर मोहाखाली होता. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली, तिच्यावर पिवळी फुलं टपटप पडत होती. झाडं तीन. मंगली म्हातारी, वाकून वाकून टोपली भरत होती. गोंदियाची गाडी साडेनऊला, म्हणजे सातला निघणं भाग. सातला तर निम्मी फुलं अजून झाडावरच होती.

‘‘चाल,’’ दुधराम म्हणाला.

‘‘माय एकलीच हाय जी,’’ पुनाराम म्हणाला. ‘‘तीन झाडं हायेत.’’

दुधराम उठला, बसला, पुन्हा उठला. झाडाभोवती फिरला. शिस्तीत तो असा कधी अडकला नव्हता. गोल होणार तर याच्यामुळेच, आणि बिसरामला काढून याला घेतलं होतं, तेव्हा याला मैदानावर पोचवणं त्याला भागच होतं. त्याने पुनारामच्या हातातली टोपली काढून घेतली.

‘‘तू जाय. मी येचतो. छोटेलालले सांग, माया जागी बाराव्याले घे. आन सामना झाला का सांजच्या गाडीनं वापस ये.’’

पुनाराम त्याच्याकडे बघतच राहिला. मंगली काहीतरी बोलायला गेली, मग गप्प बसली. पुनारामने स्टिक उचलली आणि पळत सुटला.

इकडे गोंदियात आमचा जीव टांगणीला. कप्तान नाही, पुनाराम नाही. चारला दहा कमी असताना पुनाराम एकटा उगवला. ‘‘कप्तान मोह येचून राह्यले,’’ म्हणाला. छोटेलालने त्याची गचांडीच धरली. त्याला वाटलं, हा दारू पिऊन आला. पण बोंबलून काय उपयोग, पंचाने शिट्टी मारली.

सामन्याचं लांबण लावत नाही. आम्ही एक गोल खाल्ला, तो माझा दोष. मग पुनारामने एक फेडला आणि शेवटच्या पाच मिनिटांत उजव्या बाजूने असा काही आत घुसला की रेल्वेचा गोलकीपर बसूनच राहिला. दोन-एक. शील्ड आमची! बिसराम रेषेबाहेर नाचत होता, मी त्याला मिठी मारून रडलो. पुनारामला खांद्यावर घेऊन आम्ही बाजारातून फिरवलं. हलवाई जिलेबी चारत होते. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा पुनाराम म्हणाला, ‘‘मले जायचं हाय.’’ मीच त्याचा हात धरला. म्हणालो, ‘‘रोज रोज शील्ड येत नाई बाबू, उद्या जाय.’’ उद्याचा परवा झाला. दुधरामची आठवण कोणालाच आली नाही. बारा वर्षं ज्याच्या शिट्टीवर उठलो त्याची. लिहितानाही लाज वाटते.

मंगळवारी गिरणीच्या मुनीमाने विचारलं, रहांगडाले कुठे आहे, तेव्हा मला तो आठवला. पुनारामला घेऊन मी मिळेल त्या गाडीने अर्जुनीला निघालो. गावाला पोचलो तेव्हा बुधवारची सकाळ होती.

दुधराम मोहाखालीच होता. चार दिवसांची दाढी, हात फुलांनी चिकट, सुजलेला गुडघा लांब करून एका पायावर बसल्यासारखा वेचत होता. बाजूला फुलं वाळत घातलेली, एका रांगेत, नीट. आम्हाला बघून तो उठला नाही.

‘‘काय झालं?’’

‘‘जिंकलो भाऊ,’’ मी म्हणालो. ‘‘दोन-एक.’’

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, ‘‘दुसरा कोठून मारला?’’ मी सांगितलं. त्याने हाताने हवेत तो कोन करून पाहिला. ‘‘रविवारी चारला,’’ तो म्हणाला, ‘‘मी इथं उभा राहिलो, बुली लागून सामना सुरू झाला असंल म्हणून. मग पाचपर्यंत बसवलंच नाही, फेरे मारत होतो झाडाभोवती. कोणी आवाज देतं का म्हणून रस्त्याकडे बघत होतो.’’

मग तो पुनारामवर फिरला. ‘‘सांजच्या गाडीनं ये म्हतलो होतो तुले! तीन दिस झाले! मी या म्हातारीले सोडून जाऊ शकलो नाई. नोकरी जाते का राहते ठाऊक नाई!’’

एवढ्यात शेजारची वच्छला रिकामी टोपली घेऊन आली. पुनारामला बघून मंगलीला म्हणाली, ‘‘आता तं आमाले येचू देता का माय? पावना तं झाड सोडूनच नाई राह्यला.’’

दुधरामला कळेना. मंगलीने खाली बघत सांगितलं. पुनाराम गावात नसला की तिची झाडं वच्छलाच्या घरचे वेचतात, अर्ध्या वाट्याने. ठरलेलंच आहे. रविवारीही वच्छला टोपली घेऊन आली होती. पाहुणा वेचताना दिसला म्हणून परत गेली. ‘‘पावन्याले नाई कसं म्हनू? हौसेनं येचून राह्यला वाटलं.’’

मी दुधरामच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. त्या दिवशी सातला तो आणि पुनाराम दोघेही गाडीला जाऊ शकले असते. दोघेही खेळले असते. शील्ड त्याच्याच हातात आली असती.

‘‘तू सांगितलं काऊन नाई?’’ त्याचा आवाज फाटला. ‘‘रविवारी तोंड शिवलं होतं का तुयं?’’

पुनाराम गोंधळून गेला. त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, मी शपथेवर सांगतो.

‘‘तुमी पुसलं कुठं जी? तुमी म्हतलं, तू जाय, मी येचतो. कप्तानानं म्हतलं का उलटून बोलायचं नाई, तुमीच शिकवलं ना. म्हून नाई बोललो.’’

दुधराम मटकन खाली बसला, वाळत घातलेल्या फुलांवरच, आणि रडला. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान पोरासारखा. मंगली घाबरली. वच्छला टोपली धरून तशीच उभी. मी जवळ गेलो तर त्याने हाताने मला लांब केलं.

फुलं पडत होती.

शेवटी त्याने बाहीने नाक पुसलं आणि पुनारामकडे पाहिलं. बारा वर्षांत मी त्याला कोणा खेळाडूला काही विचारताना ऐकलं नव्हतं.

‘‘कसं वाटलं रे तुले खेळून?’’

पुनाराम त्याच्यासमोर उकिडवा बसला.

‘‘मजा आली,’’ तो म्हणाला. ‘‘पर मांगच्या बाजूनं बॉल देनारं कोनी नव्हतं जी. तुमी पायजे होते.’’