ओटला सोडणार नाही

दिवाळीनंतर मला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात पार लुळा पडला. आयुष्यभर त्या हाताने फळ्यावर खडू चालवला होता, आता त्याला चमचा पेलेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि दगदग नको म्हणाले. माझा लेक आपला फ्लॅट सोडून माझ्याजवळ येऊन राहिला आणि त्याने त्या दगदगीत भेटायला येणारी माणसंही धरली.

बडोद्यात कोणी आजारी पडलं की आख्खी गल्ली खबर काढायला येते. येते म्हणजे बसते, चहा पिते, आपल्या मावशीला लकवा कसा झाला होता ते सविस्तर सांगते. लेकाने शेजारणींना फाटकातच सांगून टाकलं, "आईला आराम हवा, सध्या येऊ नका." करमणूक म्हणून नवी केबल घेतली, टीव्ही माझ्या खोलीत आणून ठेवला. चॅनेल ढीगभर, पण एकही मला "जेवलात का?" असं विचारेना. व्यायामाचा रबरी चेंडू उशाशी पडून राही. कोणासाठी दाबायचा तो? माझं जेवण तुटलं, आणि खरं सांगते, मरून जावंसं वाटू लागलं.

मग लेकाने संक्रांतीची मुदत घालून फर्मान काढलं. "आई, उत्तरायणपर्यंत बघू. तोवर तुझं तुला करता आलं नाही, तर हे फतेगंजचं घर बंद. तू माझ्याकडे यायचं." त्याचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, दिवसभर सगळ्यांची दारं बंद. मायेनेच बोलत होता, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तो वाघोडियाला कारखान्यात गेला आणि मी भिंत धरत धरत बाहेर, दारापुढच्या ओटल्यावर जाऊन बसले. हिवाळ्यात आमच्या गल्लीत तुवेर, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा, एकटीने सोलायची पद्धतच नाही. समोरच्या बेन शेंगांची टोपली घेऊनच आल्या, मागोमाग आणखी दोघी. बेननी माझ्या मांडीवर शेंगा ओतल्या. "बेन, आ हाथने बेसाडी ना राखो, काम आपो." हाताला बसवून ठेवू नका, काम द्या म्हणे.

त्यांची टोपली संपली तेव्हा माझी पहिली शेंग उघडली. दाणे उडून रस्त्यावर गेले. त्या पोट धरून हसल्या, मीही हसले, वाकड्या तोंडाने. त्या रात्री मी पोटभर जेवले.

मग रोज ओटला. चेंडूही बाहेर आला. दाबला नाही तर तिघी मिळून रागवायच्या. लेक कुरकुरला, डॉक्टर मात्र खूश होते. गोळ्यांना मी नावं ठेवत नाही, एकही चुकवली नाही. पण गोळी गिळायची इच्छा दवाखान्यात मिळत नाही, ती मला ओटल्यावर मिळाली.

उत्तरायणच्या आदल्या दिवशी लेकाने माझ्या साड्या आपल्या बॅगेत भरल्या. "चल आई. हात अजून थरथरतोय तुझा."

थरथरत होताच. करंगळी तर आजही माझं ऐकत नाही. त्याच हाताने मी बॅगेची कडी धरली. निसटली. पुन्हा धरली. लेक मदतीला पुढे झाला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

कडी उघडली. एकेक साडी काढून मी पलंगावर ठेवली, शेवटची ठेवेपर्यंत घामाघूम झाले. मग बॅग त्याच्याकडे सरकवली.

"तुझी आहे ना? रिकामी घेऊन जा."