पांढरी गाडी, निळा पट्टा आणि उसाचा मुलूख

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साठतात, फ्रिजमधल्या उरलेल्या चटण्यांसारखे. एक दिवस दार उघडावं तर वाट्याच वाट्या! जयपूरच्या आमच्या मराठी मंडळींत जो भेटतो तो विचारतो, "वहिनी, ट्रिप कशी झाली?" "छान झाली" म्हणून सुटका होत नाही. खुर्ची ओढून बसतात मेले! मग ऐका.

आमचे हे, म्हणजे इंगवले साहेब, बँकेतून रिटायर झाले. जन्मभर बँकेनं सांगायचं आणि आम्ही निघायचं. नागपूर, रायपूर, भोपाळ, शेवटी जयपूर. "विद्या, पुढं कुठं जाऊया?" असं मला कधी कुणी विचारलं नाही. जवाहर नगरात स्वतःचं घर झालं तेव्हा मी कुंडीत कढीपत्ता लावला आणि जाहीर केलं, आता मी इथून हलत नाही!

आणि ह्यांनी गाडी आणली. साधीसुधी नव्हे, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, फोल्डिंग टेबल! बाहेरून पांढरीशुभ्र आणि मधोमध निळा पट्टा. पट्टा का, तर ह्यांच्या बँकेचा रंग निळा. माणूस रिटायर होतो, बँक होत नाही.

मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात, भरल्या घरात, अट घातली. एकच ट्रिप! ह्यांना उसाशिवाय करमत नाही कारण हे कोल्हापूरचे, आणि मला हवा समुद्र. तर दोन्ही जिथं आहे तिथं, दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याला जाऊ. शेवटच्या दिवशी मी "नको" म्हटलं की गाडीची चावी आदर्श नगरच्या डॉक्टर सबनिसांना. ते कधीचे मागे लागलेत गाडी द्या म्हणून. ह्यांनी सगळ्या बायकांसमोर शब्द दिला. एवढे साक्षीदार कोर्टातसुद्धा मिळत नाहीत!

* * *

निघण्याआधी ह्यांनी काढलं 'ट्रायल' म्हणून. आपल्याच गेटसमोर गाडी लावून तिच्यात झोपायचं. मी म्हटलं, "घर दहा पावलांवर असताना मी गाडीत झोपू? डोकं फिरलंय का?" मी घरात झोपले, हे गाडीत.

सकाळी दूधवाल्या भैयानं ह्यांना बनियनवर, टूथब्रश घेऊन गाडीतून उतरताना पाहिलं. झालं! दूध पोचायच्या आत बातमी पोचली.

शेजारच्या शर्मा आंटी पल्लू सावरत आल्या. माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाभीजी, जो भी हुआ हो, अब इस उम्र में माफ़ कर दो भाईसाहब को."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गाडीच्या खिडकीतून हात जोडून उभे! म्हणे, "माफ़ी के साथ चाय भी मिल जाती तो..."

शर्मा आंटींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ती अजून आठवते. आठवडाभर त्यांच्याकडून ह्यांना नाश्ता येत होता.

* * *

गाडीचा नंबर राजस्थानचा, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक ढाब्यावर आम्ही राजस्थानी. "पधारो सा, कौन गाँव?" हे खुशाल "जयपूर" म्हणून सांगायचे आणि जास्तीचं तूप वाढून घ्यायचे. मी म्हणायची, "अहो, कोल्हापूरला विसरलात का?" तर म्हणे, "तुपाच्या बाबतीत मी सर्वधर्मसमभावी आहे."

पण खरी गंमत समुद्रावर झाली. आम्ही सुरूच्या झाडाखाली गाडी लावलेली, मी बाहेर शेगडीवर भाकऱ्या टाकत होते. शेजारी पुण्याकडच्या तीन बायकांचा ग्रुप येऊन बसला. त्यांनी गाडीचा नंबर पाहिला आणि अगदी मोकळेपणानं सुरू झाल्या.

"मारवाडी दिसतात. घरच घेऊन फिरतायत बघ!"

"पण बाईला सुट्टी आहे का? इथं येऊनही लाटतीय बिचारी चपात्या."

"नवरा बघ कसा राजासारखा बसलाय. ढेरी बघ!"

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "चपात्या नाहीत हो, ज्वारीच्या भाकऱ्या आहेत. पिठलं पण आहे. ढेरीचं म्हणाल तर ती खरीच आहे. या जेवायला!"

 मग ज्या काय हसल्या तिघी! आल्या, आणि सगळ्या भाकऱ्या संपवून गेल्या. भांडी मात्र ह्यांना घासायला लावली त्यांनी, तिथंच, वाळूत बसवून. मला ती ट्रिप तेव्हा पहिल्यांदा आवडली. पण हे लगेच हात पुसत आले, "मग? काय ठरलं?" मी म्हटलं, "बघू."

* * *

पुढं ऊस लागला. दोन्ही बाजूंनी नुसता ऊस, मधून मधून आमराया. ह्यांचा चेहरा माहेरी आलेल्या पोरीसारखा फुलला! एका गुऱ्हाळावर उतरलो. मालक पटेलभाई, अगदी गोड माणूस. त्यांनी कढईतला गरम गूळ पानावर दिला.

ह्यांनी मान हलवली. "गोळ सारू छे, पण हमारे कोल्हापूर का..." आणि सुरू! कोल्हापूरची माती, कोल्हापूरचं पाणी, पंचगंगा, सगळं झालं. बोलता बोलता पानावरचा गूळ संपत होता आणि पटेलभाई मुकाट्यानं वाढत होते. पाचव्यांदा वाढल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, हवे केवो लाग्यो?" म्हणजे, आता कसा लागला?

हे म्हणाले, "ठीक आहे."

मी कपाळावर हात मारला. गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बघते तर गाडीत मुंग्या! पलंगावर मुंग्या, साखरेचा डबा सोडून भलतीकडंच मुंग्या. रांगेच्या मागं मागं गेले, तर ह्यांच्या उशीखालच्या कप्प्यात पेपरात गुंडाळलेली गुळाची अख्खी ढेप!

"हे काय?"

"सँपल," हे म्हणाले.

मुंग्यांना काही कोल्हापूरचा अभिमान नव्हता. त्यांनी निकाल देऊन टाकला होता.

* * *

एका गावात चौकात वडाखाली गाडी लावली आणि मी भाजी आणायला गेले. वांगी, पापडी, कोवळं आलं बघत बघत मला वेळ लागला. परत येऊन बघते तर गाडीसमोर ही रांग! म्हातारेकोतारे, बायका, सगळ्यांच्या हातात पासबुकं. आणि आमचे हे फोल्डिंग टेबल मांडून, चष्मा नाकावर घेऊन बसलेले!

त्या दिवशी गावात बँकेची फिरती गाडी यायची होती. आमचीही तशीच, पांढरी, निळा पट्टा. लोकांनी दार वाजवलं. "बँक की गाडी?" ह्यांना खरं म्हणजे "नाही" म्हणायचं होतं. तसं ते म्हणतात. पण पहिल्याच आजीनं विचारलं, पेन्शन का अडकली? आणि मग कुठलं 'नाही'! ह्यांनी तिचं पासबुक वाचलं, आधारचं कुठं अडलंय ते समजावलं, कागदावर लिहून दिलं. पैशाला हात लावला नाही, पण हुकूम बँकेचाच! "एक एक! धक्का नहीं! माँजी, आप बैठिए!"

रिटायर झाल्यापासून इतके खूश मी ह्यांना पाहिले नव्हते. मला खरं तर ओरडायचं होतं. भाजीची पिशवी घेऊन मी तशीच उभी राहिले.

इतक्यात खरी गाडी आली. त्यातून बॅग घेऊन एक ऑफिसर उतरला, गर्दीतून वाट काढत टेबलापाशी निघाला.

अख्खी रांग ओरडली, "ओ भाई! लाइनमां आवो!"

आणि तो बिचारा शेवटी जाऊन उभा राहिला!

* * *

आमच्या ह्यांना रस्ता विचारणं म्हणजे कमीपणा. तत्त्व एकच, "पुढची गाडी जिकडं, तिकडं आपण." त्या दिवशी पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. हे त्याच्या मागं. वळला, हेही वळले. थांबला, हेही थांबले. मी आरशात पाहिलं तर मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं बैलगाड्या, दोन्ही बाजूला पत्र्याचं कुंपण.

"अहो, ही साखर कारखान्याची लाइन आहे."

"मग काय झालं? पुढं निघेल बाहेर."

पुढं वजनकाटा निघाला! मागं सरकायला जागा नाही. काटेवाल्यानं मान वरही न करता खूण केली, घ्या पुढं. आम्ही काट्यावर. त्यानं वजन टिपून घेतलं आणि विचारलं, "माल?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा एवढाच."

काटेवाल्यानं शेवटी मान वर केली. मला नीट न्याहाळलं. आणि गंभीरपणे म्हणाला, "काकी को उतारो, खाली गाडी का भी वजन लगेगा."

मी उतरले नाही! पण हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कारखान्याच्या लोकांनी मागच्या फाटकानं बाहेर काढलं, वर उसाचा रस पाजला. त्या संध्याकाळी ह्यांनी काही विचारलं नाही.  उद्या शेवटचा दिवस होता ना.

* * *

त्या शेवटच्या सकाळी गाडी कारखान्याजवळच्या शेताच्या कडेला उभी होती. पलीकडं ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. हे शेगडीवर चहा टाकत होते. मला सगळं समजत होतं. चहा स्वतः करायचा, साखर बेताची घालायची, आलं किसून घालायचं, म्हणजे आज निकाल लागायचाय. आणि भीतीही दिसत होती हो तोंडावर. मला त्यांची दया आली. मी घरच्या कढीपत्त्याचा विचार करत होते आणि तो विचार काही केल्या पक्का होत नव्हता.

आम्हाला मराठी बोलताना ऐकून झोपडीतली एक बाई आली. डोक्याला फडकं, हातात कोयता. नवापूरकडची. "तुम्ही बी आपल्याकडच्या?" असं विचारून सरळ गाडीत डोकावली. पलंग पाहिला, शेगडी पाहिली, टाकीचा नळ सोडून पाहिला.

"घरच आहे की!" ती म्हणाली. "आमचं बी असंच. जोडीनं निघायचं. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजतात. एकट्याला कुणी घेत नाही."

तिचं फिरणं पोटासाठी, आमचं हौसेसाठी. मला खरंच लाज वाटली. पण तिला तसलं काही वाटत नव्हतं. तिनं चहाचा कप घेतला, पायरीवर ऐसपैस बसली आणि पुढचा प्रश्न विचारला.

"तुमचा मुकादम कोण?"

मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या. कुठल्या गावाला जायचं, कधी निघायचं, सगळं तोच ठरवतो. ह्यांनी छाती पुढं काढली, घसा खाकरला.

"मी!" मी म्हटलं.

माझं मलाच आश्चर्य वाटलं. बाईनं मला पाहिलं, ह्यांना पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसली.

"अन् हे?"

"हे माझ्या टोळीतले."

"काम करतात का?"

"सांगितलं तर करतात."

"मग बरंय. आता पुढं कुठं?"

हे चहाच्या भांड्यात बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पुढं काय... आता घरी. जयपूर."

बाईनं त्यांच्याकडं हात झटकला. "तुम्हाला नाही, मुकादमाला विचारलं." आणि माझ्याकडं वळली. "बोला बाई, पुढं कुठं?"

मी हात वर केला आणि खाली दक्षिणेला दाखवलं. "समुद्राच्या कडेकडेनं. नारळ लागतील तिथपर्यंत."

चहा उतू गेला. ह्यांचं लक्षच नव्हतं. शेगडी विझली तरी हे आपले माझ्याकडे बघत उभे.

बाईनं कप खाली ठेवला, कोयता उचलला आणि जाता जाता ह्यांना दम भरला, "ऐकलं ना? उभे काय राहिलात? आवरा!"