टेस्टरआत्या आणि कोरडा टॉवेल

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी देवाला हात जोडायची, मग पेलाभर पाणी प्यायची आणि लगेच विचारायची, "न्हाणी कुटं हाय?" घर ओळखीचं असो वा नसो, बारसं असो की दहावा, न्हाणीघर बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या पिशवीत चुन्याची डबी, रुमाल आणि करंट तपासायचा पिवळ्या दांड्याचा टेस्टर असायचा. आत जाऊन ती नळाला टेस्टर लावायची, गीझरकडे मान वर करून बघायची आणि बाहेर येऊन आमच्या कानात निकाल सांगायची. बायका एकमेकींना खुणवायच्या, "शुगर असंल बिचारीला." आम्ही कधी खुलासा केला नाही. खरं कारण सांगण्यापेक्षा आत्याला शुगर असणं आम्हाला जास्त अब्रूचं वाटायचं.

ती वळसंगची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोलापुरात आमच्याकडे आली की चार दिवस राहायची आणि चारही दिवस आमच्या न्हाणीवर पहारा करायची. आम्ही बादलीत हीटरचा रॉड टाकून पाणी तापवायचो. पाणी तापलं का बघायला कुणी बोट पुढे केलं की आतून आवाज यायचा, "आदी बटन, मग पिन, मग पाणी!" जेवताना मधेच उठून ती बटण बघून यायची. आईने एकदा वैतागून विचारलं, "आक्का, आमी काय लहान हाय व्हय?" त्यावर आत्या म्हणाली, "करंट वय इचारत न्हाय."

सुरुवातीला तिच्याकडे टेस्टरही नव्हता. ती नळाला पालथा हात लावून बघायची. तळहाताने धरलं तर हात चिकटून बसतो, पालथा असला तर झटकून येतो, हे तिचं शास्त्र. आमच्याकडे पंखा बसवायला आलेल्या वायरमनने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आजी, असं बघत्यात व्हय? जाशीला की एक दिवस!" आत्याने त्याच्याकडूनच टेस्टर विकत घेतला. पण पालथा हात काही तिने सोडला नाही. टेस्टर लावून झाला की वर हात लावायचाच.

तिचं सगळं बरोबरच असायचं असंही नाही. शेजारच्या काकूंच्या नव्या गीझरवर तिचा टेस्टर एकदा मिणमिणला आणि तिने असा काही कालवा केला, की काकांनी तो गीझर भिंतीवरून उतरवून दुकानात नेला. दुकानदाराने दिवसभर तपासला. त्यात काही म्हणजे काही निघालं नाही. काकू पुढे कितीतरी दिवस आमच्या आईशी नीट बोलत नव्हत्या. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. "बरं झालं की, न्हाय निगालं तर," म्हणाली आणि तंबाखूला चुना मळत बसली.

हे वेड कुठून आलं, ते तिने मला एकदाच सांगितलं. तिची थोरली जाऊ आंघोळीला गेली होती. आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. घरात पुरुष होते. दीर होता, सासरा होता. पण बाईमाणूस आंघोळीला आहे, दार कसं लोटायचं? त्यांनी हाका मारल्या, उत्तर येईना. मग कुणाला तरी बाईमाणूस बोलावून आणायला शेताकडे पिटाळलं. आत्या धावत आली, तोवर उशीर झाला होता. बादलीतला हीटर तसाच चालू होता. मेन बटण हाताच्या अंतरावर होतं आणि तेही कुणाला सुचलं नव्हतं. "करंट मागनं," आत्या म्हणाली, "आदी तिला लाजंनं मारलं." हे ऐकून मी फार हळहळले होते. पण त्याचा अर्थ मला कळला होता असं मी आज म्हणणार नाही.

माझं लग्न ठरत आलं, तेव्हा आम्ही मुलाचं घर बघायला अक्कलकोट रोडला गेलो. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा, घर स्वतःचं, माणसं मोजकी. अण्णांना स्थळ मनापासून आवडलं होतं आणि मला मुलगा. निघताना आईने आत्याच्या कानात सांगितलं, "आक्का, आज तेवढं न्हाणीचं नको." आत्याने मान हलवली. पोहे आले, चहा आला. आत्या शहाण्यासारखी बसून होती. पण तिची नजर सारखी आतल्या बाजूला जात होती. न्हाणीघराच्या दाराबाहेर खिळ्याला एक टॉवेल टांगलेला होता. सोलापुरात खिळ्याला टॉवेल असला तर नवल ते काय? आत्या मात्र उठली, टॉवेल हातात घेऊन चुरगाळून बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यो कोरडा ठणठणीत टॉवेल आन् खाली लाकडी पाट. तुमचा नळ चावतोय व्हय?"

कुणी उठायच्या आधीच आत्या आत जाऊन टेस्टर लावून आली. "लागतोय," ती म्हणाली. "सून आणायच्या आदी नळ नीट करा." मुलाचे वडील लालबुंद झाले. "आमी इतकी वर्सं राहतो हितं, कुनी मेलं न्हाय," असं म्हणून ते उठून बाहेर गेले. मी खाली मान घालून बसले होते. नवरीने तसंच बसायचं असतं, म्हणून कुणाला त्यात वेगळं वाटलं नाही. पण त्या क्षणी ही बाई माझी कुणी लागत नसती तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

परतताना रिक्षात अण्णा फाडकन बोलले, "आक्का, पोरीचं लगीन मोडलंस तू. आता हिच्या कुटल्याच कार्याला येऊ नगंस." आत्याने टेस्टर पिशवीच्या तळाशी घातला. मी शेजारीच बसले होते. माझा पदर तिच्या पिशवीखाली अडकला होता, तो मी ओढून घेतला.

लग्न मोडलं नाही. काही दिवसांनी मुलाची आई एकटीच आमच्याकडे आली. आईजवळ बसून हलक्या आवाजात तिने सांगितलं, की नळाला झिणझिण्या येतात हे घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. त्या कोरड्या पाटावर उभ्या राहायच्या, टॉवेलने नळ धरून सोडायच्या, की झालं. "सांगायचं कुनाला? मानसं म्हनली असती, बायकांची थेरं." वायरमन आणला तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघर नळाला मोटार. ह्यांच्या मोटारीतून करंट गळत होता. घराचं अर्थिंग जुन्या लोखंडी नळाला बांधलेलं. रस्ता खोदला तेव्हा फाटकाजवळ प्लास्टिकचा पाइप जोडला गेला आणि करंटला जमिनीत जायची वाटच बंद झाली. तेव्हापासून तो न्हाणीच्या नळात बसून होता. "ही नवी पोरगी," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला टॉवेलाचं सांगायचं मी इसरले असते तर?"

अण्णांनी आत्याला बोलावणं धाडलं. पण साखरपुड्याला ती आली नाही, ताप आहे म्हणाली. लग्नाला आली आणि कार्यालयात शेवटच्या रांगेत बसली. सगळा दिवस तिने कुणाला न्हाणी कुठे आहे हे विचारलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला तरी नको म्हणायची. पाणी प्यायलं तर तिकडे जावं लागेल म्हणून. पाया पडायला वाकले तेव्हा तिची पिशवी उघडी होती. आत डबी होती, रुमाल होता, टेस्टर नव्हता.

आत्या आता नाही. वळसंगला झोपेतच गेली. माझ्या सासरी ती एकदाच आली होती, माझ्या डोहाळजेवणाला. घर बायकांनी भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर खरकट्या हाताने ती न्हाणीच्या दाराशी गेली आणि थांबली. तिथे आता टॉवेल नव्हता, नुसता खिळा होता. उभ्या आयुष्यात कुणाच्या न्हाणीत शिरताना जिने परवानगी मागितली नव्हती, ती माझी आत्या मला म्हणाली, "जाऊ का गं आत? का भाईर बादलीतच हात धुऊ?"

"जा की आत्या," मी म्हणाले. ती आत गेली. दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं, काय करते ते सगळ्यांना दिसावं म्हणून. सवयीने पालथा हात नळाकडे गेला, मधेच थांबला, आणि तिने सरळ हातानेच नळ सोडला. हात धुऊन पदराला पुसत बाहेर आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "कशाला हात लावला न्हाय गं. लाज न्हाय ना आनली तुला?"