बांगेनंतरचा पेला

सुट्टीवरून परतलेल्या माणसाच्या हातावर खजूर ठेवण्याआधी इद्रीसचाचा विचारायचे, "गावी कुत्रं-मांजर चावलं नाही ना?"

अबुधाबीच्या कॅम्पातली पोरं हसायची. "चाचा, बायको चावते. तिच्यावर इंजेक्शन आहे का?"

चाचा मात्र उत्तर मिळाल्याशिवाय मूठ उघडत नसत.

याला कारण घडलं अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत. रमजान नुकताच सुरू झाला होता. चाचा रत्नागिरीकडचे, साइटवर फोरमन. त्यांच्या खोलीतला गुहागरचा सोमनाथ पाण्याला शिवत नव्हता. रमजानात दिवसा तिथे कुणीच उघड्यावर पाणी पीत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट चाचांनी चेष्टा केली, "काय रे, रोजा धरलास की काय?"

"तुमच्या पंगतीला बसायचं तर धरायला नको?"

संध्याकाळी बांग झाली. चाचांनी पहिला पेला सोमनाथपुढे धरला. ओठांना पाणी लागलं मात्र, त्याचा गळा आवळला, पेला भिंतीवर आदळला. कुणी म्हणालं, चोरून दारू प्यायलाय. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा.

इस्पितळातही आधी दारूचीच चौकशी झाली. असा रोगी तिथे कुणी पाहिलाच नव्हता. सकाळी एसीची झुळूक लागून सोमनाथला पुन्हा आचका आला, तेव्हा डॉक्टर थबकला. "याला जनावर चावलंय का?"

चाचांनी मराठीत विचारलं.

"गणपतीत. मुलीनं, प्रज्ञानं पाळलेलं पिल्लू हो! दात लागले जरासे, हळद भरली."

"पिल्लू कुठंय?"

"आठवड्यात मेलं. प्रज्ञालाही चावलं होतं..." सोमनाथ मध्येच थांबला. त्याला कळलं.

डॉक्टरने चाचांना बाजूला घेतलं. याला आता औषध नाही, पण मुलगी अजून पाणी पीत असेल आणि लगेच लस टोचली तर आशा आहे.

गावात फोन एका किराणा दुकानातच. लाइन लागता लागेना. अखेर सोमनाथची बायको फोनवर आली.

"गिरिजावहिनी, पोरीला पाणी द्या. पिते का बघा."

चाचा रिसीव्हर कानाला दाबून उभे राहिले.

"पितेय की घटाघटा. काय झालंय? ह्यांना बरं आहे ना?"

"आधी पोरीला घेऊन सिव्हिलला जा, वहिनी. पहिल्या एसटीनं. कुत्र्याची इंजेक्शनं सुरू करा. मग सगळं सांगतो."

सोमनाथ अजून शुद्धीत होता. त्याने स्वतःचं काहीच विचारलं नाही.

"पोर पाणी पिते, चाचा?"

"पिते. घटाघटा."

तो त्याच आठवड्यात गेला.

रमजान संपता संपता गिरिजावहिनींचा निरोप आला: इंजेक्शनं पुरी झाली, पोर खेळतेय. त्या संध्याकाळी बांग झाल्यावरही चाचा पेला हातात धरून बसून राहिले. मग प्यायले.