काकांनी अर्धीच तपासलेली टाकी

व्यंकटकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कडकोळच्या साइटवर खड्ड्याच्या काठावर उभी होते. खोटं कशाला बोलू... पहिला विचार मनात आला तो हाच, की आता माझी टाकी कोण तपासणार? सख्खा काका गेला आणि मला टाकीची पडली! अजून लाज वाटते.

कामगारांच्या वसतिगृहाच्या सांडपाण्यातला गाळ खाली बसावा म्हणून ती टाकी. मी केलेल्या हिशेबाचा कागद तपासायला काकांकडे होता. त्यांनी आयुष्यभर अशाच टाक्या आखल्या. मी नोकरीला लागले तेव्हा नंजनगूडला नाल्याकाठी मला बादली आणि घड्याळ देऊन बसवलं होतं. बादली किती सेकंदांत भरते, ते दर तासाला लिहायचं. मी नाक दाबून कुरकुरले, तर म्हणाले, "अय्यो, पुस्तकातल्या पाण्याला वास नसतो, म्हणूनच माणूस फसतो गं." आणि शेजारी बसून खुशाल चित्रान्न खाल्लं!

तेरावा झाल्यावर काकूनं कागद हातात दिला. काकांच्या लाल खुणा चौथ्या ओळीच्या आधीच थांबलेल्या. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार होतं. तिथंच बसून तीनदा तपासलं. सगळं बरोबर दिसत होतं, तरी कागद खाली ठेववेना.

"सुम्ने, उगीच कागदाकडं काय बघत बसलीस? मोठ्यानं वाच," काकू म्हणाली. तिनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. "हे पण प्रत्येक हिशेब मलाच वाचून दाखवायचे."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी वाचत गेले. माणसं इतकी, माणशी पाणी इतकं, दिवसाचं एकूण इतकं, भागिले चोवीस तास...

"थांब. चोवीसनं का? कामावर जाणारी माणसं ती. सगळे सकाळी एकदमच आंघोळीला जाणार की."

मी चोवीसाखाली रेघ मारली. दिवसरात्र चालणाऱ्या एका कारखान्याचा जुना कागद समोर ठेवून मी नुसते आकडे बदलले होते. तिथं पाणी चोवीस तास सारखं यायचं. इथं रोज सकाळी ही टाकी गाळासकट उतू जाऊन सगळी घाण शेजारच्या तळ्यात गेली असती. लगेच कंत्राटदाराला फोन लावला आणि काम थांबवलं.

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. काकांसाठी, पहिल्यांदाच. काकूनं रडू दिलं. मग माझे डोळे पुसले, स्वतःचेही, आणि म्हणाली, "हं, पुढची ओळ वाच."