बहिणीच्या मुलाला लागलेली जागा

"मावशी, लागलो! सीनियर म्हणून," असं म्हणत बहिणीच्या मुलानं माझ्या तोंडात पेढा घातला. दारात चपला काढत असलेली माझी मुलगी तिथंच थांबली. ती जागा तिची होती. म्हणजे तिलाच मिळणार असं आम्ही धरून चाललो होतो. पेढा थुंकता येईना. गिळला.

मी चौथी शिकलेली. मुलीनं तिचं काम मला समजावलं ते असं: कंपनी सॉफ्टवेअर बनवते, ते गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासावं लागतं. पूर्वी माणसं एकेक बटण दाबून बघत. ही असा प्रोग्राम लिहिते की तोच सगळी बटणं दाबतो आणि कुठं चुकलं ते सांगतो. नवऱ्यानं टाकल्यावर नऊ वर्षं तिनं याच कामावर घर चालवलं. यंदा तिच्याच कंपनीत त्यातली मोठी, सीनियरची जागा निघाली. जाहिरात यायच्या आधी तिनं मला सांगितलं, आणि मी भाच्याला. तोही याच कामातला; मूळ सटाण्याचा, इथं इंदिरानगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. दर शनिवारी जेवायला यायचा.

एका शनिवारी तो लॅपटॉप घेऊन आला. "ताई, पुण्याच्या कंपनीनं घरी करायला दिलंय. एका वेबसाइटची टेस्ट लिहायचीय. जरा बघ ना."

"जरा? अरे, हे धड चालतसुद्धा नाही. सरक तिकडं."

तो सरकला. तिनं दुपारभर बसून सगळं नव्यानं लिहिलं. मी थालीपिठं लावली, त्याच्या पानात लोणी जास्त वाढलं.

पुण्याची कंपनी नव्हतीच. ते काम हिच्याच साहेबांनी बाहेरच्या उमेदवारांना दिलं होतं. ही कंपनीतलीच म्हणून हिची फक्त तोंडी मुलाखत घेतली. पेढ्याच्या दिवशीच सकाळी त्यांनी हिला जागा मिळणार नाही असं सांगितलं, आणि तेच काम समोर ठेवून म्हणाले, "बघा मॅडम, सीनियर माणूस असं लिहितो."

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? दुसऱ्याची परीक्षा मी दिली म्हणून? माझीही नोकरी जाईल, आई."

मी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "तुझ्या पोरीला नोकरी हाय ना? माझ्या पोराचं लगीन अडलंय."

भाच्याला मी तोंडावर सांगितलं, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. जाताना म्हणतो, "मावशी, ऑफिसात ताईला मी सांभाळून घेईन." जागा निघाल्याचं त्याला मीच सांगितलं होतं, हेही मी बहिणीला आणि मुलीला सांगून टाकलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

तो सोमवारी रुजू झाला. अडलं की अजून तिलाच विचारतो. माझी मुलगी रोज साडेनऊला त्याच्या हाताखाली कामाला जाते.